औषध चढलं की आई यायची

मला बुरशी झाली होती. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसू दाबतो आणि मग विचारतो, कुठं? पायाच्या बोटांत म्हटलं असतं तर त्याचं समाधान झालं असतं. फुप्फुसात म्हटलं की तो गप्प होतो. माझी एक चुलत नणंद दवाखान्यात भेटायला आली आणि खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "लोणच्याले बुरशी येते, शिळ्या भाकरीले येते. जित्याजागत्या माणसाले कशी आली बाई?" माझ्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती म्हणून ती वाचली. एरवी मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही.

मोताळ्याच्या बाजाररस्त्यावर आमचं मॅचिंगचं दुकान आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, पिको. यजमान शेतात वांगी-मिरची लावतात, थोडी कपाशी असते, आणि दुकान मी सांभाळते. बाजाराच्या दिवशी बाया पिशवीतून साडी काढतात, मी ती एकदा उजेडात धरते आणि मागच्या थप्पीतून नेमका तुकडा ओढते. आमसुली वेगळा, जांभळा वेगळा, वांगी वेगळा. एखादी म्हणालीच की, "थोडा डार्क नाई वाटत का?", तर मी तिला पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवते. रंगाच्या बाबतीत मला शहाणपण शिकवलेलं चालत नाही. पुढं जे झालं ते रंगांपासूनच सुरू झालं, आणि मला वाटतं, आईला माहीत होतं मी कशाला भुलते ते.

दोनेक वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात घरातल्या सगळ्यांना ताप येऊन गेला. बाकीचे उठले, मी झोपले ती झोपलेच. मला बुलढाण्याला कधी नेलं, राजूरचा घाट कधी चढलो, श्वासाचं मशीन कधी लावलं, यातलं मला काही आठवत नाही. त्या दिवसांच्या जागी माझ्याकडे नुसता एक पांढरा तुकडा आहे, धुतलेल्या मांजरपाटासारखा. त्यातून बाहेर आले तेव्हा मशीन निघालेलं होतं, पण ताप परत येत होता आणि छातीच्या फोटोत नवे डाग दिसत होते.

डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळं आलेलं, आणि खोटा धीर द्यायची सवय नसलेले. ते म्हणाले, "ही बुरशी कुठंही असते. सोयाबीनच्या ओल्या कुटारात, भिंतीच्या पोपड्यांत, हवेत. आपण सगळेच ती श्वासाबरोबर घेतो. धडधाकट शरीर तिला थारा देत नाही. तुमचं शरीर आजारानं दमलं, आम्ही जीव वाचवायला दिलेल्या औषधांनीही दमलं, तिथं तिनं मुक्काम ठोकला." मग त्यांनी बुरशीवरचं औषध सुरू केलं. आधी शिरेतून, आणि मला गिळता यायला लागल्यावर गोळी, सकाळ-संध्याकाळ.

गोळी घेतली म्हणजे झालं, असं आम्हाला वाटत होतं. पण हे औषध सरळ चालीचं नव्हतं. एकच डोस दोघांना दिला तर एकाच्या रक्तात ते पुरेसं उतरतं, दुसऱ्याच्या रक्तात नावापुरतं. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं तर विचारूच नका, त्या एकाच्याच रक्तात या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात भलतंच. कमी पडलं तर बुरशी मरत नाही. जास्त झालं तर लिव्हर बिघडतं, डोळ्यांपुढं भलतंसलतं दिसतं. म्हणून सकाळच्या गोळीआधी माझं रक्त काढायचं, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून ते ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पुण्याला पाठवायचं, आणि रिपोर्टची वाट पाहत बसायचं. इकडं तशी तपासणी होत नव्हती.

यजमानांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या वांग्यासारखंच हाय साहेब. मोटर रोज तेवढीच चालते, पण शेवटच्या वाफ्याले पाणी पोचलं का नाई, ते जाऊनच पाहा लागते."

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाले. "हे रक्त म्हणजे शेवटचा वाफा."

मी आयसीयूच्या कडेच्या खाटेवर होते. डावीकडं भिंत, उजवीकडं हिरव्या काठाचा पडदा, पायाशी एक लोखंडी स्टूल. खाण्यापिण्याच्या वेळी घरच्या एका माणसाला आत येऊ देत. ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. दवाखान्यामागच्या गल्लीत यजमानांनी एक खोली घेतली होती, तिथं गॅस, चार भांडी, आणि आत्या. पहाटे उठून त्या माझ्यासाठी पातळ शिरा करायच्या. रवा तुपात खमंग भाजलेला, दूध घातलेलं, वरून परत तुपाची धार. डबा टॉवेलात गुंडाळून त्या आणायच्या आणि गोळीच्या आधी वाटीभर शिरा मला चमच्यानं भरवायच्या.

सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, ही गोळी रिकाम्या पोटी द्यायची हं. खाण्याच्या आधी तासभर, नाहीतर नंतर तासाभरानं."

"हाव माय, ठाऊक हाय मले," आत्या म्हणाल्या.

आणि त्यांना खरंच ठाऊक होतं, असं त्यांना वाटत होतं. आमच्या घरात उपाशीपोटी औषध घेणं म्हणजे विस्तवावर हात ठेवणं. औषध उष्ण असतं, ते आतडी जाळतं, म्हणून त्याच्याआधी पोटाला आधार द्यायचा. गुळाचा खडा द्यायचा, दूध द्यायचं, बाळंतिणीला तूप द्यायचं. हा आधार खाण्यात धरत नाहीत. खाणं म्हणजे भाकरी, भाजी, वरण. वाटीभर शिऱ्यानं पोट भरलेलं धरायचं तर आमच्याकडचे सगळे उपवास मोडीत निघतील. त्यामुळं सिस्टर रोज विचारायची, "पोट रिकामं आहे ना?", आणि आत्या माझ्या तोंडाला लागलेलं तूप पदरानं पुसत अगदी मनापासून सांगायच्या, "रिकामंच हाय."

मी काही बोलत नव्हते. बोलायला दम लागायचा, आणि शिरा चांगला असायचा.

पुण्याहून रिपोर्ट आला तो अगदीच कमी. औषध रक्तात असून नसल्यासारखं. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि डोस वाढवला.

भाद्रपद लागला तशा आत्या चुळबुळ करायला लागल्या. घरच्या महालक्ष्म्या त्यांच्या हातच्या. त्या उभ्या करायला दुसरं कुणी नाही, आणि सून दवाखान्यात म्हणून लक्ष्म्या पेटीत ठेवायच्या, हे त्यांच्या मनाला पटेना. "मी जातो अन् लक्ष्मीपाशी तुह्यासाठीच मागून येतो," त्या म्हणाल्या. "तीन दिवसात तिचं होईन, मंग लगेच वापस." त्यांच्या जागी यजमान आले. हा माणूस नियमाचा पक्का. फवारणीच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचल्याशिवाय झाकण उघडणार नाही. सिस्टरनं सांगितलं रिकाम्या पोटी, तर रिकाम्या पोटी. मोबाइलला गजर लावून ते बसायचे, गोळी द्यायचे, आणि मग तासभर मला पाण्याशिवाय काही मिळायचं नाही. शिऱ्याची आठवण काढली तर म्हणायचे, "मले कुठं येते शिरा कराले?"

आणि मग रंग आले.

गोळी घेऊन थोडा वेळ गेला की आधी उजेड बदलायचा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटभोवती एक फिकट मोतिया कडं तयार व्हायचं आणि हळूहळू रुंद होत जायचं. पडद्याचा हिरवा काठ जागेवर राहायचा नाही, तो खाली खाली ओघळायचा आणि फरशीवर साचायचा. भिंतीवर पिवळा चढायचा. आधी हळदीचा, मग करडईच्या फुलांचा, मग त्याच्यात कुठून तरी केशरी मिसळायचा. सलाइनच्या बाटलीत चिंतामणी रंग थेंबाथेंबानं उतरताना मी पाहिला आहे. भीती अजिबात वाटली नाही. मी पडल्यापडल्या मॅचिंग करत होते. हा आमसुली, हा डाळिंबी, हा राणी. जन्मभर थप्पीत घड्या घालून ठेवलेले रंग कुणीतरी उलगडून वाऱ्यावर सोडले होते, आणि मी इतकी सुखात होते की खोकायचंही विसरायचे.

एका सकाळी त्या रंगांत आई येऊन बसली.

पायाशी जे लोखंडी स्टूल होतं, त्यावर ती बसली होती. मांडीवर सूप, सुपात तुरीच्या हिरव्या शेंगा, आणि ती सोलत होती. भाद्रपदात तुरीच्या शेंगा कुठून आल्या, हे मी विचारलं नाही. तिला विचारलं असतं तर तिनं मलाच वेड्यात काढलं असतं. तिच्या पातळाचा रंग मला आजही सांगता येत नाही. निळा म्हणावं तर निळा नाही, आणि दुकानातल्या एकाही थप्पीत तो नाही. एक शेंग सोलून तिनं दाणे सुपात टाकले, माझ्याकडं पाहिलं आणि आपल्या लोणारकडच्या बोलीत म्हणाली, "लई वाळलीस गं. काय खायलीस का नाही?"

आई वारली होती. हे मला त्याही वेळी ठाऊक होतं. ती सुलतानपूरला, माझ्या माहेरी, ऐन उन्हाळ्यात एका दुपारी अचानक गेली. त्या उन्हात देह फार वेळ ठेवता येत नाही. मोताळ्याहून निघून बुलढाणा, चिखली, मेहकर अशा गाड्या बदलत मी पोचले, तेव्हा माणसं अंघोळी करून ओट्यावर बसलेली होती. मी तिचं तोंड पाहिलं नाही. लोक म्हणाले, शांत होतं. लोकांचं काय, लोक असंच सांगतात. मला त्याचा फार राग होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नसल्यामुळं तो मी गिऱ्हाइकांवर काढत आले. आता ती समोर बसली होती, गालावरचा तीळ, कानातली बुगडी, सगळं जागच्या जागी. मी ते तोंड पोटभर पाहून घेतलं.

ती रोज येऊ लागली. सकाळच्या गोळीनंतर, आणि दिवेलागणीला दुसऱ्या गोळीनंतर. फारशी बोलायची नाही. कधी शेंगा, कधी निवडायला मेथी, कधी नुसतीच माझ्या तळपायावर हात ठेवून. रंग उतरले की जायची. यजमान शेजारी बसलेले असत, पण त्यांना काही दिसत नसे. ते मोबाइलमध्ये मिरचीचे भाव बघत. मी ओठ हलवले की त्यांना वाटायचं, देवाचं नाव घेत असेल. इतक्या वर्षांच्या संसारात मी देवाचं नाव कितीदा घेतलं, हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

महालक्ष्म्या उठवून आत्या परतल्या. पिशवीत पुरणपोळ्या, आंबिल, लक्ष्मीचं कुंकू, आणि हातात तोच टॉवेलात गुंडाळलेला डबा. शिरा सुरू झाला. आणि आई यायची थांबली.

पहिल्या दिवशी मला वाटलं, उशीर झाला असेल. दुसऱ्या दिवशी रंगही फिके पडले. भिंत भिंतीसारखी, पडदा पडद्यासारखा. मग मला खात्रीच पटली की आत्यांमुळं ती येत नाही. दोघी विहिणींचं कधी जमलंच नव्हतं. भांडण म्हणावं असंही काही झालं नव्हतं. आई घरी यायची तेव्हा आत्या तिला बसायला सतरंजी, पाणी, चहा सगळं रीतसर द्यायच्या आणि ती गेली की म्हणायच्या, "ईनबाईले आपल्या घरचं तिखट पुरत नाई." आई तिकडं जाऊन सांगायची, "त्यांच्यात भाजीत तेलच तेल." आता आत्या त्या स्टुलावर ऐसपैस बसून मला शिरा भरवत होत्या, आणि आईला टेकायला जागा नव्हती. मी चमचा तोंडाने ढकलून दिला. आत्या म्हणाल्या, "काऊन गं? गोड कमी झालं का?" मी तोंड फिरवून घेतलं. तेव्हा मी त्यांचा खरोखर दुस्वास केला.

ताप मात्र परत चढला. त्यातच पुण्याचे दोन रिपोर्ट लागोपाठ आले. यजमान होते त्या दिवसांतला फार जास्त. त्यानंतरचा परत कमी. डॉक्टर मोबाइल हातात घेऊन माझ्या खाटेशी उभे राहिले. "डोस तोच, माणूस तोच," ते म्हणाले. "एकदा एवढं वर, मग परत खाली. मावशी, मला एक सांगा, गोळीच्या आधी यांच्या पोटात काय काय जातं?"

"काहीच नाई साहेब," आत्या म्हणाल्या. "नुसता शिरा. पोटाले आधार."

 डॉक्टर त्या स्टुलावर बसले आणि हळू आवाजात समजावून सांगू लागले. तुपातुपाचं पोटात असलं की हे औषध नीट शोषलं जात नाही. कमी पोचतं म्हणून त्यांनी डोस वाढवला, आणि शिरा बंद झाल्यावर तोच वाढलेला डोस रक्तात भराभर चढला. या औषधाला थोडंसं वाढलेलं पुरतं, ते पुढं भलत्याच उड्या मारतं. आत्यांचा चेहरा पार उतरला. हातातला डबा त्यांनी जमिनीवर ठेवला.

"म्हणजे मी तुपानं पोरीले मारून राह्यली होती का साहेब?"

"नाही, नाही," डॉक्टर घाईनं म्हणाले. "एकट्या शिऱ्यानं एवढं होत नाही. ताप चढला-उतरला की रक्तातलं औषधाचं प्रमाण बदलतं, लिव्हर दमलं की बदलतं, प्रत्येकाचं अंगही वेगळं असतं. त्यातलं कशानं किती झालं, हे मलाही सांगता येणार नाही." मला मनातून सगळा दोष शिऱ्यावर टाकायचा होता. डॉक्टरांनी तो टाकू दिला नाही.

मग ते माझ्याकडं वळले. आता शिरा बंद. डोस लगेच कमी करायची त्यांना भीती वाटत होती, कारण बुरशी अजून जिवंत होती आणि तापही होता. पण लिव्हरच्या तपासण्या बिघडायला लागल्या होत्या. औषध परत जास्त चढलं आणि लिव्हरनं हात टेकले, तर ते औषधच थांबवावं लागणार. "आणि हे थांबलं तर बुरशीला रान मोकळं. मग माझ्याकडं फारसं काही उरत नाही," ते म्हणाले. "रिपोर्ट यायला वेळ लागतो. त्याच्या आधी मला फक्त तुम्हीच सांगू शकता. डोळ्यांपुढं रंग येतात का? कुणी नसताना कुणी दिसतं का? दिसलं तर मला कळलं पाहिजे. मी त्याच दिवशी डोस उतरवतो. मागच्या वेळी काही दिसलं होतं?"

"नाही," मी म्हणाले.

मला सगळं समजलं होतं. आई त्या गोळीतून येत होती. औषध चढलं की ती येणार, आणि ती येत राहिली तर मी मरणार. हे इतकं स्वच्छ कळूनही मी नाही म्हणाले, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. शिरा बंद झाला या गोष्टीचा मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंग परत आले. पहिल्यापेक्षा दाट. बुलढाण्याचं धुकं खिडकीच्या काचेला टेकलेलं होतं, त्यालाही अबोली छटा आली. आई आली, सूप मांडीवर घेऊन बसली. तिच्यामागची भिंत नव्हतीच, तिथं सुलतानपूरचं आमचं शेत लांबपर्यंत गेलेलं, आणि वारा आला की तुरीची फुलं इथं चादरीवर पडायची. मी चादर झटकत नव्हते. मळमळत होतं, तोंड कडू झालं होतं, आणि सिस्टर माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघून काहीतरी पुटपुटली होती. मला वाटलं, असू दे. माझ्याशिवाय दुकान चालेल. यजमानांना मिरचीचे भाव आहेत. मी आईला म्हणाले, "जरा सरक, मला तुझ्या मांडीवर डोकं ठेवायचं आहे." ती खरोखर सरकली.

दिवेलागणीला आत्या गोळी घेऊन आल्या. डबा नव्हता. गोळी देऊन त्या पडद्याजवळ उभ्या राहिल्या, कारण शिऱ्याच्या प्रकारानंतर त्या स्टुलावर बसायच्याच नाहीत, उभ्याच राहायच्या. थोड्या वेळानं आई आली. माझं बोलणं सुरू झालं असणार, कारण आत्यांचा आवाज मला रंगांच्या पलीकडून आल्यासारखा ऐकू आला.

"कोणासंगं बोलून राह्यली?"

खोटं बोलायला लागतं तेवढं बळ माझ्यात नव्हतं. "आई आली आहे," मी म्हणाले.

मला वाटलं, त्या ओरडतील, सिस्टरला हाक मारतील, कुंकू लावतील, मिरच्या ओवाळतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. "कुठं बसल्या?" त्यांनी विचारलं.

"स्टुलावर."

आत्यांनी डोक्यावर पदर घेतला. विहीण समोर आली की घेतात तसा, दोन्ही हातांनी, नीट कपाळापर्यंत. मग त्या स्टुलासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला दोघी दिसत होत्या, एक उभी, एक बसलेली, आणि मधे तो नाव नसलेला रंग.

"ईनबाई," आत्या म्हणाल्या, "तुम्ही आल्या, बरं केलं. तुमची लेक हाय, तुमचा हक्क हाय. त्या वख्ती तिले तुमचं तोंड पाह्यता आलं नाई, तिच्या मनात ते किती सलते, मले ठाऊक हाय. म्या कधी बोलून नाई दाखवलं. पाहून घ्या तिले, तिलेबी पाहू द्या. पण आता निघा. तुम्ही इथं बसल्या त ती उठत नाई. म्या तुपानं तिचं औषध पातळ केलं, अन् तुम्ही औषधावर चढून येऊन राह्यल्या. दोघीचीबी माया, अन् मरून राह्यली पोरगी. आता आपण दोघीबी बाजूले होऊ."  त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं, सोडलं, आणि परत बोलल्या. "डॉक्टरले मी नाई सांगत. मी सांगितलं त जलमभर म्हणन, सासूनं माय हाकलली. तिचं तिले सांगू द्या. तुम्ही तिले तेवढं समजावा, माझं ऐकत नाई ती."

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याकडं नाही, आत्यांकडं पाहत होती. तिनं आपलाही पदर डोक्यावर ओढला. मग माझ्याकडं वळली. माझ्या तळपायावरचा तिचा हात मला कळत होता, आणि त्याच्याच शेजारी दुसऱ्या तळपायावर आत्यांचा हात होता, खरखरीत आणि गरम. मी खूप रडले. रडताना धाप लागली, सिस्टर धावत आली, ऑक्सिजन वाढवला, आणि त्या गडबडीत रंग कधी उतरले ते मला समजलं नाही. डोळे पुसले तेव्हा स्टूल रिकामं होतं आणि आत्या अजून तशाच उभ्या होत्या.

सकाळी डॉक्टर आले ते गोळीच्या आधी. बाहेर धुकं होतं, सिस्टर गोळीची पट्टी घेऊन उभी होती. आत्या पडद्याजवळ खाली मान घालून पायाच्या बोटानं फरशी उकरत होत्या. डॉक्टर फाइल उघडून काहीतरी विचारणार होते. मी त्यांना विचारू दिलं नाही.

"मला माझी आई दिसते, डॉक्टर," मी म्हणाले. "औषध कमी करा."